शब्द घ्या, पण सोबत्यांसकट: इंग्रजी शब्दसाठा वाढवू पाहणाऱ्या बडोदेकरांसाठी

अलकापुरीपासून फतेगंजपर्यंत आयेल्ट्सच्या, म्हणजे परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या, क्लासच्या पाट्या किती आहेत ते मोजायला कुणी बसू नये. दांडिया बाजारातल्या मराठी घरांतही कॅनडा, ऑस्ट्रेलिया ही नावं आता पूर्वी पुण्या-मुंबईची घेतली जात तितक्या सहज घेतली जातात. मग 'व्होकॅब्युलरी वाढवायची कशी?' हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर बहुतेक वेळा झेरॉक्सच्या चार पानांत मिळतं: डावीकडे 'पॉवर वर्ड्स', उजवीकडे अर्थ. मुलं ती पानं घोकतात. पुढे विषय प्लास्टिकबंदीचा असो नाहीतर एकत्र कुटुंबाचा, 'प्लेथोरा', 'मिरियड' आणि 'क्विंटेसेन्शियल' हे तिघे प्रत्येक निबंधात हजेरी लावतात.

गंमत अशी की परीक्षा हे मागतच नाही. आयेल्ट्सच्या लेखनाचे गुण चार निकषांवर ठरतात, प्रत्येकी २५ टक्के. त्यातला एक 'लेक्सिकल रिसोर्स', म्हणजे शब्दसाठा. सात बँडच्या, म्हणजे नऊपैकी सात या दर्जाच्या, वर्णनात कमी वापरातले शब्द अपेक्षित आहेत हे खरं, पण तिथेच पुढे शैलीचं आणि शब्दांच्या जोड्यांचं भानही मागितलंय. झेरॉक्सवर त्यातला पहिला अर्धा भाग येतो, दुसरा गळतो.

जोड्यांचं भान म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं शिकवायला नको. काळाकुट्ट, हिरवागार, पांढराफटक, लालबुंद. 'हिरवाकुट्ट' म्हणणारा माणूस मराठी पाठ करून आलाय हे आपल्याला क्षणात कळतं. काळोख मिट्ट असतो, झोप गाढ, दुपार टळटळीत. थंडी कडाक्याची असते आणि भांडणही कडाक्याचं. इंग्रजीत तसाच पाऊस 'टॉरेन्शियल' असतो, खोटं 'ब्लेटंट', दारिद्र्य 'अब्जेक्ट' आणि टीका 'स्कॅदिंग'. यांची अदलाबदल केली की वडाची साल पिंपळाला लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत: शब्द एकटा उचलायचा नाही.

आणखी एक. या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत दिलेत. जो आवडेल त्याचं स्पेलिंग शब्दकोशात तुम्हीच शोधा. उच्चारावरून शोधताना एक-दोनदा भलत्याच पानावर जाल, आणि शब्द डोक्यात बसायला तेवढी धडपड उपयोगीच पडते.

पहिली पायरी: आपण कुठे आहोत ते बघा

न्यूझीलंडमधले भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला होता. इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायची तर साधारण ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं माहीत लागतात, आणि बोलणं समजायला ६ ते ७ हजार. शब्दकुटुंब म्हणजे 'डिसाइड', 'डिसिजन', 'डिसायसिव्ह' हे सगळे मिळून एक. यातली सर्वांत जास्त वापरातली सुमारे दोन हजार कुटुंबंच साध्या मजकुराचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग व्यापतात. अशा दोन हजार शब्दांची गाजलेली यादी मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. हे गृहस्थ त्याआधी बरीच वर्षं ढाक्यात शिकवत होते, म्हणजे आपल्याच उपखंडातल्या मुलांची अडचण डोळ्यांनी बघून आलेले.

तुमचे ते दोन हजार पक्के आहेत का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. लॉन्गमनचा शिकाऊंसाठीचा शब्दकोश सगळे अर्थ साधारण दोन हजार सोप्या शब्दांतच सांगतो. त्यातलं कुठलंही पान उघडा आणि फक्त अर्थ वाचा. न अडखळता वाचता आलं तर पुढे चला. अडखळत असाल तर 'सेरेंडिपिटी' वगैरे मंडळींना थोडं थांबू द्या, कारण पाया नसताना कळस चढवता येत नाही.

दुसरी पायरी: स्वतःचे झिजलेले शब्द पकडा

नवे शब्द शोधायला बाहेर जाण्याआधी आपण इंग्रजीत लिहिलेला जुना मजकूर काढा: ऑफिसातली ईमेलं, कॉलेजचे रिपोर्ट, बिऱ्हाड बदलताना घरमालकाला पाठवलेला मेसेज, काहीही. त्यात 'व्हेरी', 'गुड', 'नाइस', 'थिंग', 'गेट' या शब्दांखाली रेघ मारा. रेघा जिथे दाट आहेत तिथे तुम्हाला शब्द हवाय. 'व्हेरी टायर्ड' चारदा आलं असेल तर 'एक्झॉस्टेड' शिकायला कारण मिळालं. 'व्हेरी स्मॉल' असेल तर 'टायनी', आणि रकमेबद्दल असेल तर 'पॉल्ट्री' किंवा 'मीगर'. पगार 'मीगर' असतो. खोली 'मीगर' नसते.

हे 'नाइस' बापडं मुळात लॅटिनमधल्या 'अज्ञानी' या अर्थाच्या शब्दावरून आलंय आणि मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ मूर्ख असा होता. घासून घासून त्याला आता काहीच चव उरलेली नाही.

तिसरी पायरी: शब्द कुठून घ्यायचे

वाचनातून. याला दुसरा मार्ग नाही, आणि ॲपवाले काहीही म्हणोत, होणारही नाही. पण काय वाचायचं याला नियम आहे. पानावर तीनेकशे शब्द असतात. त्यात पाच-सहा अनोळखी निघाले तर पुस्तक तुमच्या जोगतं. पंधरा-वीस निघाले तर ते परत ठेवा, लाज वाटून घेऊ नका. विषय मात्र स्वतःच्या आवडीचाच निवडा. क्रिकेटचं वेड असेल तर सामन्यांचे वृत्तांत, स्वयंपाक आवडत असेल तर पाककृती. अग्रलेखांपासून सुरुवात करायचा सल्ला मोठी माणसं देतात, तो मला कधी पटला नाही. त्यातली निम्मी अडचण इंग्रजीची नसते, राजकारणाची असते.

पुस्तकांसाठी मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहेच. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शिकलेल्यांनी पुढे वाचावं म्हणून १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून राज्याची ग्रंथालय व्यवस्था उभी केली. पेट्यांमध्ये पुस्तकं भरून गावोगाव पाठवली जात. शब्दांचं वेड आपल्या गावाला तेव्हापासूनच आहे. याच महाराजांनी राज्यकारभारातल्या इंग्रजी संज्ञांना अनेक भारतीय भाषांतले प्रतिशब्द देणारा 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' करवून घेतला होता. विद्यापीठात असाल तर हंसा मेहता लायब्ररी हाताशी आहे.

आता एक खास मराठी माणसाची सोय, जी क्लासमध्ये कुणी सांगत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात तो फुकट शोधता येतो. तिथे इंग्रजी नव्हे, आपला घरचा शब्द टाका: कुजबुज, लुडबुड, रेंगाळणे, भुणभुण, चरफडणे. मोल्सवर्थ एकेका मराठी शब्दापुढे इंग्रजी शब्दांची रांग उभी करतो, आणि त्यातले दोन-तीन तरी तुम्ही कधी ऐकलेले नसतात. मात्र तो माणूस दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी लिहितोय. म्हणून तिथला शब्द थेट वाक्यात घालायचा नाही. आधी आजच्या एखाद्या लर्नर्स डिक्शनरीत बघायचा. 'जुना' किंवा 'साहित्यिक' असा शिक्का असला तर नुसती ओळख ठेवा. शिक्का नसला तर घ्या.

चौथी पायरी: वहीतलं एक पान

निवडीचा माझा नियम कडक आहे: शब्द दोन वेगळ्या ठिकाणी भेटल्याशिवाय वहीत जात नाही. एकदा भेटलेला शब्द पाहुणा असतो. दुसऱ्यांदा भेटला की पेन उघडायचं, पण तेव्हा मात्र हात आखडता घ्यायचा नाही. 'अमुक म्हणजे तमुक' अशी एक ओळ लिहून काहीही होत नाही. एक शब्द, एक पान.

'टॅसिटर्न' घ्या. पानावर सगळ्यात वर शब्द आणि त्याचा उच्चार, जोर पहिल्या तुकड्यावर: टॅ-सि-टर्न. त्याखाली जात: विशेषण, माणसाबद्दल. मग अर्थ. शब्दकोश 'मितभाषी' सांगेल, पण मराठीत मितभाषी ही स्तुती आहे. 'टॅसिटर्न'मध्ये किंचित कोरडेपणा आहे, याच्याशी बोलणं अवघड जातं अशी छटा आहे. म्हणजे आपला 'घुमा' त्याच्या जास्त जवळचा. हे पानावर लिहायचं, कारण चूक नेमकी इथेच होते: कुणी शिफारसपत्रात साहेबांना 'टॅसिटर्न' म्हणून मोकळं होतं.

मग सोबती. 'टॅसिटर्न बाय नेचर' ही नेहमीची जोडी. मग शेजारी, म्हणजे जवळचे पण वेगळे शब्द. 'रिझर्व्ह्ड': मनातलं चटकन न दाखवणारा, यात वाईट काही नाही. 'रेटिसन्ट': एखाद्या विषयावर बोलायला नाखूष, पुढे बहुधा 'अबाउट' येतं, माणूस एरवी गप्पिष्ट असेल पण पगाराबद्दल 'रेटिसन्ट'. 'लॅकॉनिक': मोजकं पण नेमकं, माणसापेक्षा उत्तराबद्दल जास्त. हा शब्द ग्रीसमधल्या लॅकोनिया प्रांतावरून आलाय, जिथलं मुख्य शहर स्पार्टा. मॅसेडॉनच्या फिलिप राजाने धमकी दिली, मी तुमच्या मुलखात शिरलो तर सगळं बेचिराख करीन. स्पार्टाने उलट एका शब्दात कळवलं: 'तर'. ही हकिकत एका ओळीत लिहून ठेवा, 'लॅकॉनिक' पुन्हा विसरणार नाही.

विरुद्ध टोकाला 'गॅरुलस' आणि 'लोक्वेशस'. दोघेही बोलके, पण 'गॅरुलस' माणसाला टाळून लोक पलीकडच्या फुटपाथवर जातात.

आणि शेवटी स्वतःचं वाक्य, तुमच्या ओळखीच्या खऱ्याखुऱ्या माणसाबद्दल. पुस्तकातल्या जॉनबद्दल नको. माझ्या वहीत आहे: 'द वॉचमेकर इन रावपुरा इज सो टॅसिटर्न दॅट ही कोट्स द प्राइस ऑन हिज फिंगर्स.' तो घड्याळजी खरोखरच बोटांनी भाव सांगतो, आणि घासाघीस केली तर फक्त मान हलवतो.

पाचवी पायरी: विशेषणांआधी क्रियापदं

नवशिके विशेषणांमागे लागतात, कारण ती भारदस्त दिसतात. मी म्हणेन क्रियापदं आधी गोळा करा. मराठीत आपण क्रियापद साधं ठेवतो आणि रंग त्याच्या आधीच्या शब्दात भरतो: रमतगमत चालणं, झपाझप चालणं, तुरुतुरु पळणं, पाय ओढत चालणं. इंग्रजीत तो रंग बहुतेक वेळा क्रियापदातच भरलेला असतो. म्हणून मराठीतून विचार करणारा माणूस 'वॉक' लिहितो आणि पुढे 'स्लोली', 'व्हेरी स्लोली', 'फास्ट' जोडत बसतो.

सकाळी साडेसहाला कमाटीबागेत जा. सरकारी पाटीवर सयाजीबाग लिहिलंय आणि बाग १८७९ सालची आहे, पण कमाटीबाग म्हटल्याशिवाय रिक्षावाल्यालाही बरं वाटत नाही. बाकावर बसा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना एकेक क्रियापद द्या. हात मागे बांधून, झाडांवरच्या पाट्या वाचत मजेत चाललेले निवृत्त काका: 'सॉन्टर'. दोन मैत्रिणी, गप्पा महत्त्वाच्या, चालणं निमित्तापुरतं: 'अँबल'. कानात वायर घालून लांब ढांगा टाकत गेलेली मुलगी: 'स्ट्राइड'. स्लिपर घासत जाणारे आजोबा: 'शफल'. रात्रपाळी संपवून मकरपुऱ्याहून आलेला, पाय शिशाचे झालेला कामगार फाटकातून घरी निघालाय: 'ट्रज'. खारीमागे सुसाट सुटलेलं पोर आणि पुढे पळणारी खार, दोघांनाही 'स्कॅम्पर' चालेल. आईचं बोट सोडून दुडुदुडु निघालेलं दीड वर्षाचं बाळ: 'टॉडल', आणि म्हणून ते बाळ 'टॉडलर'. बदकासारखं डुलत चालणं 'वॉडल', पण हा शब्द कुणा काकूंबद्दल मोठ्याने उच्चारू नका. आणि काही काम नसताना फाटकाशी उगाच घुटमळणारा तो तरुण 'लॉइटर' करतोय. या शब्दात संशय आहे, म्हणून तो सूचनाफलकांवर दिसतो.

बागेतून परतताना 'लुक'ची तीच गत करा. ओझरतं बघणं 'ग्लान्स', डोळे वटारून बघणं 'ग्लेअर', नीट दिसत नाही म्हणून निरखून बघणं 'पीअर', उन्हाने डोळे किलकिले करून बघणं 'स्क्विंट', आ वासून बघणं 'गॉक'. मग बोलण्याची: पुटपुटणं 'मंबल', बरळणं 'रॅम्बल'च्या आसपास, खेकसणं 'स्नॅप'. या तीन क्रियापदांच्या घरांतले शब्द आले तरी तुमच्या लिहिण्याचा चेहरा बदलतो. परीक्षकाला एकही 'पॉवर वर्ड' दिसत नाही आणि तरी गुण मिळतात.

सहावी पायरी: शब्दांची कुळं

गुणपत्रिकेवर 'ॲग्रिगेट' असतं, ते सगळ्यांना माहीत. कचऱ्याची गाडी दारात आली की ओला-सुका वेगळा करायला सांगतात, त्याला 'सेग्रिगेशन' म्हणतात, तेही माहीत. या दोघांच्या पोटात लॅटिन 'ग्रेक्स' आहे, अर्थ कळप. एकात कळप गोळा केलाय, दुसऱ्यात कळपातून बाजूला काढलंय. आता तीन नवे शब्द फुकट मिळतात. 'काँग्रिगेट': लोकांनी एके ठिकाणी जमणं, नवरात्रात गरब्याच्या मैदानावर जमतात तसं. 'ग्रिगेरिअस': माणसांत रमणारा. 'इग्रीजस': कळपातून उठून दिसणारा. हा शेवटचा पूर्वी कौतुकाचा शब्द होता, आता अगदी उलट झालाय. आज 'इग्रीजस एरर' म्हणजे डोळ्यांवर येणारी घोडचूक. मुळावरून अर्थाचा अंदाज येतो, पण आजचा अर्थ कोशातच बघावा लागतो, याचं हे चांगलं उदाहरण.

अशी दहा-बारा कुळं पुरतात. 'लोक्वी' म्हणजे बोलणं: 'लोक्वेशस', 'एलोक्वंट', 'कलोक्विअल', 'सलिलक्वी'. 'बेने' आणि 'माले' म्हणजे बरं आणि वाईट. मलेरिया हा मुळात 'वाईट हवा'.

संस्कृत थोडंफार कानावर असणाऱ्यांना इथे दुप्पट फायदा. विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्याचं मांडलं, त्या नात्याचा आपण अभ्यासासाठी उपयोग करू शकतो. अग्नी आणि 'इग्नाइट'. दंत आणि 'डेंटल'. पाद आणि 'पेडेस्ट्रियन'. जानु म्हणजे गुडघा, म्हणून 'जेन्युफ्लेक्ट' म्हणजे गुडघा टेकवणं. माझा आवडता 'इंपेक्यूनिअस', म्हणजे कफल्लक. लॅटिनमध्ये 'पेकू' म्हणजे गुरंढोरं, आपला 'पशु' त्याचाच भाऊबंद. पूर्वी पैसा म्हणजे गुरंच, तेव्हा गुरं नसलेला तो 'इंपेक्यूनिअस'.

पण व्हॉट्सॲपवर फिरणारी 'इंग्रजी संस्कृतातून निघाली' छापाची यादी वहीत उतरवू नका. नुसत्या आवाजावरून जोडलेलं नातं बादरायण संबंध ठरतं. 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा आवाज सारखा, अर्थ सारखा, आणि तरी एकमेकांशी काही नातं नाही.

आपल्याच अंगणातून इंग्रजीत गेलेले शब्द मात्र खुशाल घ्या, ते लवकर रुळतात. 'मंगूस' हे मराठी मुंगूसच. अनेकवचन 'मंगूसेस', 'मंगीस' नव्हे. 'गनी बॅग'मधली 'गनी' म्हणजे गोणी. विश्वामित्रीत पहुडलेल्या मगरीला इंग्रजीत 'मगर'च म्हणतात, जरी त्याच स्पेलिंगचा दुसरा अर्थ रस्त्यात लुटणारा असा होतो. वडाचं 'बॅनिअन' हे नाव गुजराती 'वाणियो'वरून आलं, झाडाखाली बसून व्यापार करणाऱ्या वाण्यांमुळे. ज्या गावाच्या नावातच वड आहे तिथल्या माणसाने हा शब्द तरी स्पेलिंगसकट पाठ करावा. आणि 'डूलॅली' म्हणजे डोकं फिरलेला. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत पडलेल्या गोऱ्या सैनिकांवरून. ब्रिटनमध्ये तो आजही बोलण्यात येतो, पण फक्त बोलण्यातच.

सातवी पायरी: तोंडाने म्हणा

आपण जसं लिहितो तसं वाचतो, इंग्रजीत हे चालत नाही. वाचून शिकलेले शब्द इथे दगा देतात. 'एपिटमी' लोक 'एपिटोम' वाचतात, 'हायपर्बली' ला 'हायपरबोल' करतात, 'अराय' चं 'ऑरी' होतं, 'इन्डाइट' चं 'इन्डिक्ट'. शब्दकोशाच्या ॲपमधलं भोंग्याचं चित्र दाबा आणि तीनदा मोठ्याने म्हणा. जोर कुठे पडतो ते वहीत अधोरेखित करा: 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्या तुकड्यावर, 'फटॉग्रफी'मध्ये दुसऱ्यावर. शिवाय बडोद्यात वाढलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचा 'हॉल' आणि 'होल' एकच होतो. गुजरातीच्या शेजाराची ती देणगी आहे, गल्लीत कुणाचं अडत नाही, पण मुलाखतीच्या आधी आरशासमोर दोन्ही वेगळे काढा.

आठवी पायरी: विसरण्याची व्यवस्था

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर आणि मग हळूहळू विसरतं. त्यावर उपाय म्हणजे विसरायच्या बेतात असताना पुन्हा बघणं. झेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये त्यासाठी पेटीची पद्धत सांगितली. पाच कप्पे करा. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं की ते पुढच्या कप्प्यात सरकतं, चुकलं की थेट पहिल्यात परत. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची कार्डं फुकटात होतात आणि घरोघरी पडलेली असतात. मोबाइलवर करायचं तर 'अँकी' नावाचं ॲप हेच काम करतं.

कार्डाच्या पुढच्या बाजूला इंग्रजी शब्द लिहू नका. तिथे प्रसंग लिहा, 'पगाराचा विषय निघाला की गप्प बसणारा', किंवा इंग्रजी वाक्य लिहून जागा रिकामी सोडा. शब्द मागच्या बाजूला. बोलताना आपल्याला प्रसंगावरून शब्द आठवायचा असतो, शब्दावरून अर्थ नाही. आठवड्याला दहा शब्द पुष्कळ झाले. वर्षाकाठी पाचशे होतात.

नववी पायरी: कुठे वापरायचा, कुठे नाही

एका परिच्छेदात एक दुर्मीळ शब्द. बाकी सगळं साधं. दोन झाले की वाचणाऱ्याचं लक्ष विषयावरून उडून तुमच्याकडे जातं, आणि ते हात दाखवून अवलक्षण होतं.

'पेट्रिकोर' बघा. पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाला हे नाव इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये दिलं. सुंदर शब्द आहे. पण जूनमध्ये पहिली सर आली की अर्ध्या बडोद्याच्या स्टेटसवर तोच असतो, त्यामुळे त्याची नवलाई संपली. निबंधात त्याऐवजी वासाचं दोन ओळींत वर्णन करा.

पैशांच्या बाबतीत छटा सांभाळा. 'थ्रिफ्टी' आणि 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी, कौतुक आहे. 'पार्सिमोनिअस'मध्ये नाक मुरडलंय. 'स्टिंजी' आणि 'मायझर्ली' म्हणजे सरळ चिक्कू. भावी सासऱ्यांबद्दल बोलताना यातला कुठला निवडायचा ते तुम्ही ठरवा.

काही शब्द नेहमी उलटे वापरले जातात. 'परूझ' म्हणजे वरवर चाळणं नव्हे, लक्षपूर्वक वाचणं. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे निःपक्षपाती. रस नसलेला तो 'अनइंटरेस्टेड'. 'फुलसम प्रेज' म्हणजे भरभरून कौतुक असं समजून निरोपसमारंभात ते बोललं जातं, पण त्यात लाळघोटेपणाची छटा आहे. 'नॉनप्लस्ड' म्हणजे गोंधळून गेलेला. काही जण त्याचा अर्थ 'निर्विकार' समजतात, म्हणून हा शब्द टाळलेलाच बरा. परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: 'आय पास्ड आउट इन २०१९' ऐकून तिकडचा माणूस विचारेल, चक्कर कशाने आली?

दर तीन महिन्यांनी वही उघडून साफसफाई करा. जो शब्द तेव्हापासून पुन्हा वाचनात आला नाही आणि तुम्हीही वापरला नाही, त्यावर आडवी रेघ. काही केवळ हौसेखातर ठेवले तरी चालतात. 'डिफेनेस्ट्रेशन', म्हणजे माणसाला खिडकीबाहेर फेकणं, याचा ऑफिसात काही उपयोग नाही. पण १६१८ मध्ये प्रागच्या किल्ल्यातून तिघांना असं फेकलं आणि तिघेही वाचले, एवढं कळल्यावर तो खोडवत नाही. रेघ मारलेला शब्द पुढे कुठे पुन्हा भेटलाच, तर नव्या पानावर लिहा आणि शेजारी जुन्या पानाचा आकडा टाका.